रिकिदोझान : नुरा कुस्तीतला खरा पैलवान

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं लहानपण डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांवर गेलंय. उंची, वजन, छाती, रँक. हातात अंडरटेकरचा पत्ता आला की त्या दिवशी अभ्यास केला काय नि नाही काय, दिवस सार्थकी लागायचा! पुढे तीच मंडळी टीव्हीवर दिसायला लागली. अंडरटेकरला पुरलं, संपवलं, आणि काही महिन्यांनी हॉलमधले दिवे गेले, घंटेचा टोल पडला की खोलीतली सगळी पोरं पलंगावर उभी! अशा वेळी घरातलं एखादं मोठं माणूस दारातून डोकावून हमखास सांगायचं, की हे सगळं खोटं असतं, आधीच ठरलेलं असतं.

गंमत म्हणजे हे गुपित कधीच फुटलंय. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात खुद्द कंपनीनेच लोकप्रतिनिधींसमोर मान्य केलं की हा खेळ नसून करमणूक आहे. कारण सरळ होतं. खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा मंडळाची देखरेख आणि कर आला, करमणूक म्हटलं की सुटका! म्हणजे निकाल ठरलेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही जुना पैलवान परत आला की अंगावर काटा येतोच. मग आपण ओरडतो ते नेमकं कशासाठी?

मित्रहो, या प्रश्नाच्या नादात मला एक माणूस भेटला. त्याचा पत्ता आपल्या कॅटमध्ये कधीच नव्हता. पण व्यावसायिक कुस्तीने एखाद्या देशाला वेड लावावं असं कुठे घडलं असेल, तर ते त्याच्यामुळे. त्याचं नाव रिकिदोझान.

रिकिदोझान हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव किम सिन-राक. जन्म १४ नोव्हेंबर १९२४. जन्मस्थळ कोरियातला होंगवॉन हा भाग, जो आज उत्तर कोरियात आहे. त्या वेळी मात्र संपूर्ण कोरिया जपानच्या ताब्यात होता. अंगापिंडाने दणकट असलेला हा पोरगा गावाकडच्या कोरियन कुस्त्या गाजवायचा. तिथेच तो एका जपानी माणसाच्या नजरेत भरला आणि जपानला सुमो कुस्ती शिकायला गेला. १९४० मध्ये तो सुमोच्या रिंगणात उतरला. वय अवघं पंधरा-सोळा.

सुमोची तालीम म्हणजे आपल्याकडच्या तालमीसारखीच, किंबहुना जास्तच कडक. नव्या पोराने पहाटे उठायचं, वरिष्ठांचं जेवण रांधायचं, त्यांची पाठ चोळायची, मार खायचा आणि सगळ्यात शेवटी उरलंसुरलं जेवायचं. त्यात हा परका. सुरुवातीला त्याची नोंद कोरियाचा म्हणूनच होती. पुढे मोमोता आडनावाच्या कुटुंबाने त्याला दत्तक घेतलं, आणि कागदोपत्री तो नागासाकी जिल्ह्यातल्या ओमुरा गावचा मित्सुहिरो मोमोता झाला. जन्मगाव बदललं, आई-बाप बदलले, नाव बदललं. इथून पुढे आयुष्यभर त्याने हीच भूमिका वठवली. रिंगमधलं नाटक त्याच्या आयुष्यात बरंच उशिरा आलं. हे नाटक आधीचं.

१९४९ पर्यंत तो सेकिवाके या पदापर्यंत पोचला. सुमोमध्ये वरून तिसरी पायरी ही. पण त्याच सुमारास फुफ्फुसाच्या आजाराने त्याला अंथरुणाला खिळवलं, आणि तालमीच्या वस्तादाशी पैशांवरून खटके उडाले. सप्टेंबर १९५० मध्ये त्याने स्वतःच्या हाताने आपली शेंडी कापली. सुमो पैलवानाची शेंडी म्हणजे त्याची अब्रू. ती मोठा समारंभ करून, वस्तादाच्या हातून कापायची असते. याने रागाच्या भरात एकट्याने कापून टाकली. परतीचा रस्ताच बंद!

मग पोटासाठी बांधकाम कंपनीत नोकरी. सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, साइटवर देखरेख करणारा हा माणूस पुढे देशाचा हिरो झाला!

सप्टेंबर १९५१ मध्ये बॉबी ब्रन्स नावाचा अमेरिकन पैलवान काही जोडीदारांना घेऊन जपानला आला. युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, अमेरिकन सैन्य अजून जपानमध्येच होतं, आणि त्यांच्या मनोरंजनासाठी नि धर्मादाय निधीसाठी या कुस्त्या होत्या. रिकिदोझान तिथे गेला, शिकला, आणि २८ ऑक्टोबर १९५१ ला ब्रन्सशीच दहा मिनिटांची लढत खेळला. ती बरोबरीत सुटली. त्याला दम लागला होता, पण त्याला वाट सापडली होती. १९५२ च्या सुरुवातीला तो हवाईला गेला. तिथे रीतसर शिक्षण घेतलं आणि मग अमेरिकेत जाऊन कुस्त्या खेळला.

अमेरिकेत त्याने डाव-पेच शिकले हे तर झालंच, पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट हेरली. तिथल्या कुस्त्यांत जपानी पैलवान हा ठरलेला खलनायक असायचा. वाकून नमस्कार करायचा आणि समोरचा बेसावध होताच दगा द्यायचा. प्रेक्षक चवताळून उठायचे, तिकिटं खपायची. रिकिदोझानने हेच यंत्र उचललं आणि उलटं फिरवलं. जपानमध्ये खलनायक गोरा असेल आणि नायक जपानी!

१९५३ मध्ये तो परत आला आणि त्याने जपानची व्यावसायिक कुस्ती संघटना उभी केली. त्याच वर्षी जपानमध्ये आणखी एक गोष्ट सुरू झाली होती : टेलिव्हिजन.

इथे थोडं आकड्यांत बोलू, आपण इंजिनिअर मंडळी आहोत शेवटी. १ फेब्रुवारी १९५३ ला एनएचके या सरकारी पाठबळाच्या वाहिनीचं प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा संपूर्ण देशात नोंदणी केलेले टीव्ही होते ८६६. होय, आठशे सहासष्ट. शार्प कंपनीच्या पहिल्या देशी बनावटीच्या संचाची किंमत होती १ लाख ७५ हजार येन. साध्या नोकरदाराचा वर्षभराचा पगारही त्याला पुरला नसता. ऑगस्टमध्ये निप्पॉन टीव्ही ही खासगी वाहिनी सुरू झाली. तिचे मालक मात्सुतारो शोरिकी हे डोकेबाज गृहस्थ. जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीला घरात किती संच आहेत याच्याशी देणं-घेणं नसतं, किती डोळे बघतायत याच्याशी असतं, हे त्यांनी ओळखलं. आणि टोकियो परिसरात स्टेशनांबाहेर, चौकांत, बागांत दोनशेच्या वर टीव्ही संच बसवून टाकले. फुकट बघा!

आता त्या टीव्हीवर दाखवायचं काय? पडदा छोटा, कॅमेरे जड नि मंद. बेसबॉलचा चेंडू त्यात हरवायचा. पण वीस फुटी चौकोनात दोन धिप्पाड माणसं एकमेकांना भिडतायत, हे त्या पडद्यात चपखल बसलं.

१९ फेब्रुवारी १९५४. टोकियोचा कुरामाए हॉल. एका बाजूला बेन आणि माइक हे शार्प बंधू, सहा फुटांच्या कितीतरी वर, जोडीचे जगज्जेते म्हणून गाजलेले. दुसऱ्या बाजूला रिकिदोझान आणि त्याचा जोडीदार मासाहिको किमुरा. हा किमुरा म्हणजे ज्युदोतला दादा माणूस. १९५१ मध्ये ब्राझीलला जाऊन त्याने हेलिओ ग्रेसीला हरवलं होतं. हात पिरगळायच्या त्या डावाला आजही जगभर किमुरा म्हणूनच ओळखतात.

लढतीची गोष्ट साधी होती. किमुरा आधी आत जायचा. गोरे पैलवान त्याला दोघं मिळून बडवायचे, पंच नेमका दुसरीकडे बघत असायचा. दोरापलीकडे रिकिदोझान हात पुढे करून तळमळत उभा. प्रेक्षकांच्या संतापाचं भांडं भरत भरत यायचं, आणि मग जोडीदाराचा हात लागताच काळी लांब चड्डी घातलेला रिकिदोझान आत घुसायचा. उघड्या पंजाची कड छातीवर सपासप! या कराटे चॉपखाली ते धिप्पाड गोरे मागे हटायचे, हात जोडायचे, आडवे व्हायचे. हॉलमध्ये छप्पर उडायची वेळ. आणि हॉलपेक्षा मोठा प्रकार बाहेर चालला होता. शिम्बाशी स्टेशनच्या चौकातल्या टीव्हीसमोर हजारोंची गर्दी. लोक झाडांवर, कठड्यांवर, एकमेकांच्या खांद्यांवर. मागच्याला पडदा दिसत नव्हता, तो पुढच्यांच्या ओरडण्यावरून कुस्ती समजून घेत होता.

तीन दिवस हे चाललं. युद्धात हरलेला, शहरं जळालेला, नुकताच परक्या सैन्याच्या अमलाखालून बाहेर पडलेला देश. ज्या माणसाने नऊ वर्षांत कुणासमोर आवाज चढवला नव्हता, तो स्टेशनबाहेर उभा राहून गळा फाटेपर्यंत ओरडत होता. शार्प बंधू खरं तर कॅनडाचे. पण लोकांनी त्यांना अमेरिकन मानलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

आता दुसरी बाजू. रोज मार खायचं काम कुणाच्या वाट्याला? किमुराच्या. ज्याला ज्युदोत वर्षानुवर्षं कुणी हरवू शकलं नव्हतं, त्याची ओळख आता रिकिदोझानची वाट बघत पडून राहणारा माणूस अशी झाली. अखेर त्याने वर्तमानपत्राला जाहीर सांगितलं की हे सगळं दिखाऊ आहे, खरी लढत झाली तर रिकिदोझान माझ्यापुढे टिकणार नाही. रिकिदोझानने आव्हान स्वीकारलं. २२ डिसेंबर १९५४, तोच कुरामाए हॉल. फेब्रुवारीत ज्या जोडीसाठी लोक एका गळ्याने ओरडले होते, ती आता समोरासमोर.

किमुराने पुढे लिहून ठेवलं की ही लढतही आधी ठरली होती, पहिली बरोबरीत सोडायची आणि नंतर आळीपाळीने जिंकायचं. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. सुरुवात तशीच झाली. पण मध्येच किमुराचा पाय नको तिथे लागला म्हणून रिकिदोझान बिथरला, असं रिकिदोझानच्या बाजूचं सांगणं. त्यानंतर त्याने जे फटके मारले ते दिखाऊ नव्हते. मानेवर, चेहऱ्यावर, पुन्हा मानेवर. किमुरा रक्तबंबाळ होऊन कोसळला. पंचाला लढत थांबवावी लागली.

बघायला आलेल्यांना चित्तथरारक कुस्ती हवी होती. त्यांच्यासमोर एका माणसाची अब्रू गेली. ठरलेली कुस्ती खोटी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. त्या रात्री जे घडलं ते खरं होतं, आणि तेच बघवत नव्हतं. रिंगमध्ये दोन माणसं एकमेकांवर विश्वास टाकतात, त्या विश्वासावर हा सगळा डोलारा उभा असतो. रिकिदोझानने तो मोडला आणि बाजी मारली. मोठी वर्तमानपत्रं हळूहळू या कुस्तीपासून दूर गेली. टीव्ही मात्र गेला नाही, आणि प्रेक्षकही गेले नाहीत.

१९५५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने किंगकाँगला हरवून आशियाई अजिंक्यपद मिळवलं. हा किंगकाँग म्हणजे तोच अगडबंब पैलवान, ज्याच्या आणि दारासिंगच्या फ्री-स्टाईल कुस्त्यांच्या गोष्टी आपल्या आजोबांच्या पिढीने मुंबईत चवीने सांगितल्या. भारतातलं आणि जपानमधलं वेड एकाच वेळी, एकाच खलनायकाला घेऊन वाढत होतं म्हणायचं.

ऑक्टोबर १९५७ मध्ये जगज्जेता लू थेझ टोकियोला आला. कोराकुएनच्या बेसबॉल मैदानात दोघे एक तास लढले, बरोबरी. टीव्हीवर ती लढत पाहणाऱ्यांचं प्रमाण ८७ टक्के मोजलं गेलं. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसला जाऊन रिकिदोझानने थेझला हरवलं आणि पट्टा घेऊन मायदेशी परतला. परतणाऱ्या पैलवानाचं काय स्वागत होतं ते जपानने पाहिलं. १९५९ पासून त्याने जागतिक लीग सुरू केली. देशोदेशीचे पैलवान यायचे, आणि १९६३ पर्यंत पाचही वर्षं विजेता एकच. कोण ते सांगायला नको!

टीव्ही आता घराघरांत पोचला होता. १९६२ मध्ये नोंदणी एक कोटीवर गेली. शुक्रवारी रात्री कुस्ती लागायची, प्रायोजक मित्सुबिशी इलेक्ट्रिक. दोन लढतींच्या मध्ये कंपनीचा व्हॅक्युम क्लीनर आणून रिंगची मॅट साफ करायचे, तीच जाहिरात. काय डोकं आहे!

पण घरात शिरलेल्या कुस्तीचा एक धक्काही बसला. १९६२ च्या एप्रिलमध्ये फ्रेड ब्लासी नावाचा अमेरिकन पैलवान आला. दात परजणारा, चावे घेणारा. त्याने प्रतिस्पर्ध्याचं कपाळ चावून रक्त काढलं ते सगळ्या देशाने आपल्या दिवाणखान्यात बसून पाहिलं. ते पाहताना काही वृद्ध प्रेक्षक धक्क्याने दगावल्याच्या बातम्या छापून आल्या आणि देशभर काहूर उठलं. पडद्यावरचं खोटं आहे असं कुणी त्या आजी-आजोबांना सांगितलं नसेल असं नाही. सांगून उपयोग होत नसतो, एवढंच.

या सगळ्या काळात रिकिदोझान श्रीमंत झाला. शिबुयात स्वतःचं क्रीडाभवन, इमारती, गाड्या. सोबत दारू, झोपेच्या गोळ्या, मारामाऱ्या, आणि गुंडांच्या टोळ्यांशी ऊठबस. शिष्यांना तो बेदम मारायचा. पण शिष्यही कसे घडवले पाहा. बेसबॉल सोडून आलेला उंचच उंच जायंट बाबा, ब्राझीलच्या मळ्यांतून उचलून आणलेला अंतोनियो इनोकी, आणि किम इल. हा किम इल कोरियातून लपून जपानला आला होता, पकडला गेला होता, आणि रिकिदोझानने हमी देऊन त्याला सोडवलं. लोकांना वाटलं, उस्तादाचं मन मोठं. खरं कारण फार थोड्यांना ठाऊक होतं.

कारण जपानसाठी गोऱ्यांना अस्मान दाखवणारा हा माणूस जपानी नव्हता. कोरियन वस्त्यांत याची कुजबुज होती, जवळच्यांना माहीत होतं, पण छापायचं कुणी नाही. त्या काळात जपानमध्ये कोरियन माणसाला घर भाड्याने मिळायची मारामार, नोकरीची बातच सोडा. हिरो तिथला निघाला तर? जानेवारी १९६३ मध्ये तो गाजावाजा न करता दक्षिण कोरियाला जाऊन आला. सोलमध्ये त्याचं भूमिपुत्र म्हणून स्वागत झालं. जपानमधल्या बहुतेक वाचकांपर्यंत ते पोचलंच नाही. त्याचं होंगवॉन मात्र सीमेच्या पलीकडे, उत्तरेला. तिथे त्याला जाता आलं नाही.

२४ मे १९६३ ला त्याची द डिस्ट्रॉयर या बुरखाधारी अमेरिकन पैलवानाशी लढत झाली. डिस्ट्रॉयरने पायांची कैची घातली, दोघांचे पाय असे अडकले की सुटता सुटेनात. निकाल बरोबरी, प्रेक्षक ६४ टक्के. जपानी टीव्हीच्या इतिहासातल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत ती लढत आजही गणली जाते.

जूनमध्ये त्याने थाटामाटात लग्न केलं. ८ डिसेंबर १९६३ च्या रात्री टोकियोच्या अकासाका भागातल्या एका नाइट क्लबमध्ये क्षुल्लक धक्क्यावरून एका गुंडाशी बाचाबाची झाली. पाय दिला की नाही, एवढ्यावरून! रिकिदोझानने त्याला आडवा केला आणि खाली पडलेल्याने पोटात सुरा खुपसला. जखम सुरुवातीला प्राणघातक वाटली नव्हती. शस्त्रक्रियाही झाली. पण पोटात संसर्ग पसरला आणि १५ डिसेंबरला तो गेला. वय ३९. अनेकांना आधी ही बातमी खरीच वाटली नाही. शुक्रवारी मार खाऊन पुन्हा उठणारा माणूस असा मरतोच कसा?

पुढे बाबा आणि इनोकी यांनी १९७२ मध्ये आपापल्या संघटना काढल्या आणि जपानी कुस्ती जगभर नेली. रिकिदोझानचं कोरियन मूळ उघडपणे छापून यायला त्याच्या मृत्यूनंतर बरीच वर्षं जावी लागली. उत्तर कोरियातल्या त्याच्या मुलीबद्दलही नंतर समजलं. १९९५ मध्ये इनोकीने प्योंगयांगला जाऊन प्रचंड गर्दीसमोर रिक फ्लेअरशी कुस्ती केली. उस्तादाला जे जमलं नाही ते शिष्याने केलं, त्याच्या मातीत त्याचा खेळ नेला. २००४ मध्ये त्याच्या आयुष्यावर एक कोरियन-जपानी चित्रपटही आला.

मला राहून राहून एक गोष्ट सतावते. तो डिस्ट्रॉयर, म्हणजे डिक बायर, पुढे काही वर्षं जपानमध्ये राहिला. बुरखा घालून टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत दिसू लागला, घरोघरी लाडका झाला, आणि २०१७ मध्ये जपान सरकारने त्याचा सन्मान केला. म्हणजे लोकांनी परक्याला आपलं म्हटलं, शत्रूला आपलं म्हटलं, तोंड झाकलेल्या माणसाला आपलं म्हटलं. मग रिकिदोझानने खरं सांगितलं असतं तर त्यालाही म्हटलं असतं का? त्याला ती खात्री नव्हती. लाखो लोक आपल्या नावाने ओरडतायत आणि त्यातल्या एकालाही आपलं नाव सांगायची सोय नाही, अशा अवस्थेत तो बारा वर्षं रिंगमध्ये उतरत राहिला. कुस्तीचा निकाल ठरलेला आहे हे कळूनही प्रेक्षक सोडून गेले नसते, हे आज आपल्याला माहीत आहे. जन्मगाव कळल्यावर काय झालं असतं, हे मात्र तपासून बघायची हिंमत ना त्याने केली, ना त्या काळाने होऊ दिली.

तेव्हा मित्रहो, मोबाइलवर कुस्ती बघताना कुणी सांगायला आलं की हे सगळं खोटं असतं, तर खुशाल मान डोलवा. पण आपल्या विंगमध्येही कुणीतरी गावाचं नाव सांगायचं टाळत असेल, आडनाव विचारलं की विषय बदलत असेल. आपण त्याच्यासाठी मॅचमध्ये ओरडतो, गॅदरिंगमध्ये शिट्ट्या मारतो. त्याला खरं सांगावंसं वाटेल असं काही आपण करतो का, तेवढं एकदा बघा.